खोटीं नाणीं व नाणकपरीक्षा

इतिहासाच्या साधनांत नाण्याची योग्यता मोठी आहे. कागदाप्रमाणें तें कुजत नाहीं, बखरीप्रमाणें तें मागाहून कोणाच्या स्तुतीसाठीं रचलेलें नसतें, आणि ज्याच्या अमलांत तें पडलें त्याच्या सत्तेची साक्ष तें स्वतःच देतें. परंतु साक्षीदाराची योग्यता जितकी मोठी, तितका खोटा साक्षीदार उभा करण्याचा मोहहि मोठा. खोट्या सनदेनें एखाद्या घराण्याचें वतन लबाडीनें सिद्ध होई. खोट्या नाण्यानें न झालेला राजा, नसलेली टांकसाळ किंवा न घडलेला विजय इतिहासांत शिरतो, आणि एकदां छापला गेला म्हणजे त्यास तेथून बाहेर काढण्यास एक पिढी पुरत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचा व्यासंग जुन्या पोथ्यांचा व दफ्तरांचा आहे. पण पोथ्यांच्या कपाटांत नाण्यांची एखादी पेटी नाहीं असें घर विरळा. त्यांच्या उपयोगासाठीं खोट्या नाण्यांचे प्रकार कोणते, तीं ओळखावीं कशीं, आणि ओळखतांना उलट चूक कशी टाळावी, याचा विचार येथें करावयाचा आहे.

आमच्या शास्त्रकारांनीं हा विषय फार पूर्वीं हाताळला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत खोटीं मापें, खोटें शासनपत्र आणि खोटें नाणक करणाऱ्यास, व त्यांनीं व्यवहार करणाऱ्यास, उत्तम दंड सांगितला आहे. शासनपत्र आणि नाणक यांस स्मृतिकारानें एकाच श्लोकांत बसविलें, हें दफ्तरसंग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्यापुढच्याच श्लोकांत नाणकपरीक्षकाची पाळी येते. खोट्यास खरें म्हणणारा परीक्षक दंडास पात्र होतोच. पण खऱ्यास खोटें म्हणणाराहि तितक्याच दंडास पात्र होतो. आजकाल फसवणुकीस भ्यालेले कित्येक संग्राहक जें अपरिचित तें सर्व बनावट ठरवून मोकळे होतात, आणि त्यास चोखंदळपणा समजतात. स्मृतिकाराच्या मतें हाहि अपराधच होय.

कौटिल्याचें अर्थशास्त्र १९०९ सालीं म्हैसूर येथें शामशास्त्री यांनीं प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून या विषयावर आणखी प्रकाश पडला. कोशांत येणारें नाणें रूपदर्शकानें तपासून शुद्ध ठरविल्यावरच घ्यावें व अशुद्ध ठरल्यास तें तोडून टाकावें, असा त्यांत दंडक आहे. खोटें नाणें पाडणाऱ्यास, घेणाऱ्यास व चालविणाऱ्यास सहस्र पण दंड आहे. तें राजकोशांत टाकणाऱ्यास मात्र वधाची शिक्षा आहे. यापुढें गुप्त गुन्हेगार शोधण्याच्या प्रकरणांत खोटें नाणें पाडणाऱ्याचीं लक्षणें दिलीं आहेत. जो वारंवार नाना धातु, क्षार, कोळसे, भाते, सांडशी, ऐरण, ठसे व मुशी विकत घेतो, आणि ज्याचे हात व वस्त्रें राख, धूर व काजळीनें माखलेलीं असतात, त्याचा संशय घ्यावा. दोन सहस्र वर्षांत या सामग्रींत फारसा पालट झालेला नाहीं. मूस आहे तशीच आहे, ठसा आहे तसाच आहे. गिऱ्हाईक तेवढें बदललें. पूर्वीं खोटें नाणें बाजारास फसविण्यासाठीं होत असे, आतां तें संग्राहकास फसविण्यासाठीं होतें.

हा भेद मूळचाच महत्त्वाचा असल्यामुळें त्यावरून खोट्या नाण्यांचे तीन वर्ग करणें सोयीचें जाईल. पहिला वर्ग समकालीन खोट्यांचा. तांब्याच्या चकतीवर चांदीचा मुलामा देऊन रुपया म्हणून चालविलेलें नाणें या वर्गांतलें. तें खोटें असलें तरी त्या काळाचें आहे. कोणतें नाणें लोकांस इतकें विश्वासाचें वाटे कीं त्याची नक्कल करणें किफायतशीर व्हावें, हें त्यावरून कळतें. म्हणून तें फेंकून देऊं नये, ‘समकालीन खोटें’ अशी चिठी लावून ठेवावें. दुसरा वर्ग संग्राहकांसाठीं केलेल्या नकलांचा. यांत अस्सल नाण्यावरून साचा घेऊन ओतलेलीं, नवा ठसा खोदून छापलेलीं, आणि खऱ्याच नाण्यावरचें एखादें अक्षर किंवा अंक कोरून बदललेलीं, अशीं तीन प्रकारचीं नाणीं येतात. तिसरा वर्ग कल्पित नाण्यांचा. अशा नाण्यांचें मूळ अस्सल कधीं नव्हतेंच.

तिसऱ्या वर्गाचीं दोन उदाहरणें घराघरांतून आढळतात. रामटंका म्हणून जीं मोठीं, वाटोळीं नाणीं दाखवितात, त्यांवर सिंहासनावर राम-सीता, बाजूस लक्ष्मण, पायाशीं मारुति, व कित्येकांवर अर्थ न लागणारे अंक असतात. रामटेक जवळ असल्यानें नागपुरकडे त्यांविषयीं विशेष आदर आहे, आणि तीं रामराज्यांतील चलन होत असें भोळेपणानें सांगणारेहि भेटतात. वस्तुतः तीं देवघरांत पूजण्यासाठीं केलेलीं मुद्रा आहेत. ज्यानें तीं भक्तीनें पाडलीं त्यास खोटें म्हणतां येत नाहीं. खोटी आहे ती त्यांस चिकटविलेली कथा. ज्यांवर अर्वाचीन वळणाची नागरी अक्षरें आहेत तीं प्राचीन असूं शकत नाहींत, एवढें ज्यास लिपिशास्त्राचा ओनामा ठाऊक आहे तोहि सांगूं शकेल. दुसरें उदाहरण ईस्ट इंडिया कंपनीच्या नांवाच्या तांब्या-पितळेच्या नाण्यांचें. एका अंगास मारुति, रामपंचायतन किंवा दुसरें एखादें दैवत, आणि दुसऱ्या अंगास कंपनीचें नांव, ‘यू. के. एल. आणा’ अशीं अक्षरें व १६१६, १७१७, १८१८ असे चमत्कारिक सन. १६१६ सालीं कंपनीजवळ हिंदुस्थानांत टांकसाळ नव्हती. मुंबई बेट तिच्या ताब्यांत १६६८ सालीं आलें. सर्व मुलखास एकच चलन लागू करणारा कायदा १८३५ चा. ज्यास हीं तीन वर्षें पाठ आहेत त्यास असलें नाणें विकणें अशक्य आहे. तरीहि तें लाखों रुपयांस जाईल अशी अफवा पसरते आणि गरीब माणसें पदरचे पैसे घालून तें विकत घेतात, ही दुःखाची गोष्ट होय.

आतां आमच्या महालाकडे वळूं. नागपुरचा हा जुना भाग भोसल्यांच्या राजवाड्याभोंवतीं वसला. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं निवर्तले, आणि डलहौसीनें १८५४ सालीं राज्य खालसा केलें. त्यानंतर राजवाड्यांतील संपत्तीची जी वाताहत झाली ती प्रसिद्धच आहे. हत्ती, घोडे व बैल सीताबर्डीस लिलावांत निघाले. जवाहीर कलकत्त्याच्या बाजारांत गेलें. दुसऱ्या रघूजींच्या राणी बांकाबाई यांनीं केलेला विरोध व्यर्थ गेला. पुढें १८६४ सालीं काळ्या पाषाणाचा व नक्षीदार लांकडी कामाचा तो राजवाडाहि जळाला. या दोन आपत्तींनीं इतिहासाची जी हानि झाली ती झालीच. पण खोट्या नाण्यांच्या व्यापाऱ्यास त्यांनीं एक आयतें प्रमाणपत्र देऊन ठेवलें. नाणें कोठून आलें असें विचारल्यास ‘भोसल्यांच्या खजिन्यांतून’ असें उत्तर येतें, आणि कागद मागितल्यास ‘ते आगींत गेले’ असें सांगतात. दोन्ही विधानें अशक्य नाहींत, म्हणूनच तीं धोक्याचीं आहेत. संभवनीयता आणि प्रमाण या भिन्न वस्तु होत, हें न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठांत शिकवितात. ज्या कथेनें कोणतेंहि नाणें खरें ठरेल, त्या कथेनें कोणतेंच खरें ठरत नाहीं.

या खजिन्याच्या कथेबरोबर महालांत सर्वांत अधिक दाखविण्यांत येणारें नाणें म्हणजे शिवाजी महाराजांचा होन. १६७४ सालच्या राज्याभिषेकाशीं निगडित असलेलें हें सोन्याचें नाणें फार थोड्या संख्येनें उपलब्ध आहे. त्याच्या एका अंगास ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’ अशीं नागरी अक्षरें असतात, भोंवतीं बिंदूंचें वर्तुळ असतें, आणि वजन सुमारें पावणेतीन ग्रॅम, म्हणजे पावणेतीन माशांच्या किंचित् वर भरतें. वर्षाचा अंक त्यावर नाहीं. यावरून कांहीं गोष्टी आपोआप निकालांत निघतात. ज्या होनावर शक किंवा सन घातला आहे तो विचार करण्यासहि योग्य नाहीं. ज्यावर महाराजांची मूर्ति आहे तें पदक होय, नाणें नव्हे. चांदीचा तुकडा याच अक्षरांसह दाखविला तर विकणाऱ्यावर प्रमाणाचा भार दुप्पट पडतो, कारण महाराजांचीं निश्चित नाणीं सोन्याचा होन व तांब्याची शिवराई हींच आहेत.

कांहीं काळापूर्वीं असे दोन होन थोड्या महिन्यांच्या अंतरानें आमच्या पाहण्यांत आले. एक एका घरचा वडिलोपार्जित म्हणून, दुसरा दुसऱ्या घरचा, तोहि वडिलोपार्जित म्हणून. प्रत्येक वेगळा पाहिला असतां संशय येण्याजोगें फारसें कांहीं नव्हतें. सोनें चांगलें, वजन बरोबर, अक्षरांचें वळण जुनें. परंतु दोहोंचीं छायाचित्रें शेजारीं ठेवतांच दिसून आलें कीं ‘छ’च्या खालीं कडेस जी बारीक चीर एकावर होती, तीच, त्याच जागीं, तितक्याच लांबीची, दुसऱ्यावरहि होती. बिंदूंच्या वर्तुळाचा तोच भाग दोहोंवर कडेबाहेर गेलेला होता. हाताच्या घावानें नाणें पडतें तेव्हां चकती प्रत्येक वेळीं निराळी असते, घाव निराळ्या कोनांतून बसतो, आणि कडेची चीर तर त्या एका चकतीचीच असते. एका ठशाचीं दोन नाणीं असूं शकतात. एका चिरेचीं दोन नाणीं असूं शकत नाहींत. दोन्ही होन एकाच साच्यांतून ओतलेले होते. दोन्ही घरांतील मंडळी सचोटीचीं होतीं, व त्यांच्या वडिलांनाच कोणीं तरी फसविलें असावें. म्हणून आमची पहिली सूचना अशी कीं, नाण्याचें छायाचित्र घेऊन तें इतर छायाचित्रांशीं ताडून पाहावें. पोथीचा पाठ ठरवितांना आपण जशा अनेक प्रति मिळवितों, आणि दोन प्रतींत एकच स्खलन आढळल्यास त्या एका कुळांतल्या असें अनुमान करतों, तसाच हा न्याय आहे.

ओतीव नाणें ओळखण्याच्या इतर खुणा कडेवर व पृष्ठावर असतात. साच्याचे दोन अर्धे जेथें जुळतात तेथें कडेस बारीक शिवण राहते. ती कानशीनें घासली असल्यास कानशीचे समांतर ओरखडे दिसतात. भिंगांतून पाहिल्यास पृष्ठावर हवेच्या बुडबुड्यांच्या सूक्ष्म खळग्या दिसतात, आणि अक्षरांच्या कडा मेणासारख्या मऊ असतात. ठशाच्या घावाखालीं धातु बाजूस सरकते, त्यामुळें छापीव नाण्याच्या अक्षरांची कड तीक्ष्ण असते. पुष्कळ हातांतून जाऊन नाणें झिजलें तरी झीज उंच भागावर आधीं दिसते, खोलगट भागांत नव्हे. ओतीव नाण्यांत उंच व खोल दोन्ही भाग सारखेच मऊ असतात. शिवाय तापलेली धातु थंड होतांना आकसते, म्हणून अस्सलावरून घेतलेली नक्कल मुळाहून किंचित् लहान भरते. परंतु येथें एक अपवाद सांगितला पाहिजे. प्राचीन काळीं कांहीं अक्षररहित तांब्याचीं नाणीं मुळांतच ओतून केलीं जात. त्यांच्या बाबतींत शिवण हा दोष नव्हे, ती त्यांची जातच आहे.

दुसरी परीक्षा वजनाची. सराफाच्या भाषेंत बोलावयाचें तर तोळ्याचे मासे बारा व माशाच्या गुंजा आठ. आजच्या मापानें तोळा ११.६६ ग्रॅमचा. १८३५ नंतरचा कंपनीचा रुपया बरोबर एक तोळा असे. त्यापूर्वींचे मराठी मुलखांतील रुपये त्याहून थोडे हलके असत. नुसतें वजन बरोबर भरलें म्हणजे नाणें खरें असें नव्हे, कारण बनावट करणाराहि तराजू बाळगतो. म्हणून वजनाबरोबर घनताहि काढावी. ही परीक्षा आर्किमिडीजच्या नांवानें शाळेंतील मुलांसहि ठाऊक आहे, पण संग्राहक ती क्वचितच करतात. नाणें हवेंत तोलावें. मग बारीक दोऱ्यानें पाण्यांत टांगून तोलावें. हवेंतील वजनास दोन वजनांतील फरकानें भागावें. एक रुपया हवेंत ११.२० ग्रॅम व पाण्यांत १०.१२ ग्रॅम भरला, तर फरक १.०८ व घनता सुमारें १०.४ आली. शुद्ध चांदीची घनता १०.५ व तांब्याची ८.९, तेव्हां हा रुपया चांगल्या चांदीचा ठरतो. तेवढ्याच वजनाचा दुसरा रुपया पाण्यांत ९.९४ भरला तर घनता ८.९ आली, म्हणजे आंत तांबें व वर मुलामा. होनाच्या बाबतींत आणखी सोपें गमक आहे. सोन्याची घनता १९.३ आणि पितळेची सुमारें ८.५, तेव्हां पितळेचा होन बरोबर वजनाचा करावयाचा तर तो सोन्याच्या होनाच्या दुपटीहून अधिक आकारमानाचा करावा लागतो. तो जाड तरी दिसेल, नाहीं तर हलका तरी भरेल.

या परीक्षेच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. होन लहान असल्यानें त्याचा पाण्यांतील फरक दीड दशांश ग्रॅमहूनहि कमी असतो; त्यास सोनाराचा सूक्ष्म कांटा लागतो. शिसें ११.३ घनतेचें असल्यामुळें तें कथलाशीं योग्य प्रमाणांत मिसळून चांदीची घनता साधतां येते. टंगस्टन नामक धातूची घनता तर सोन्याइतकीच आहे, व अलीकडे लबाड लोक तिचा उपयोग करतात. आणि आमच्या उदाहरणांतील दोन होनांप्रमाणें नक्कल खऱ्या सोन्याचीच असली तर घनता सर्वस्वी निरुपयोगी होते. प्रसिद्ध वस्तूची किंमत तिच्या सोन्याहून कितीतरी अधिक असल्यामुळें बनावट करणारास खरें सोनें वापरणें परवडतें, हें विसरूं नये. हल्लीं शहरांतून दागिने तपासण्यासाठीं क्ष-किरणांचें यंत्र असतें. त्यानें नाण्यास इजा न होतां धातूचें प्रमाण कळतें. परंतु तें मुख्यतः वरच्या थराचें ज्ञान देतें, गाभ्याचें नव्हे. कसोटीच्या दगडावर दुर्मिळ नाणें घासणें किंवा कानशीनें त्याची कड खरवडणें हें मात्र सर्वथा वर्ज्य समजावें. तसेंच नाण्याच्या आवाजावरहि फार भिस्त ठेवूं नये. खणखणीत वाजणें हा चांगला गुण खरा, पण कडेस चीर गेलेलें अस्सल नाणेंहि बद्द वाजतें.

तिसरी परीक्षा रंगाची व पुटाची. तांब्याच्या नाण्यावर जमिनींत जें पुट चढतें तें थरावर थर येऊन धातूशीं एकजीव झालेलें असतें; नखानें निघत नाहीं. नवसागर, आंबट पदार्थ किंवा आम्लें लावून चढविलेला हिरवा रंग भुकटीसारखा असतो, पाण्यांत उकळल्यास किंवा ॲसिटोनच्या बोळ्यानें पुसल्यास सुटूं लागतो, आणि खाली ताजें तांबें चमकतें. मात्र उत्साहाच्या भरांत चिंच लावून सर्वच नाणीं घासून लखलखीत करणारे संग्राहक बनावट करणाऱ्याइतकीच हानि करतात, कारण ज्या पुटावरून सत्यासत्य ठरावयाचें तेंच ते धुऊन टाकतात. जर्मनींत कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२-१८३०) या कुशल माणसानें ग्रीक व रोमन नाण्यांचे ठसे स्वतः खोदून युरोपांतील मोठमोठ्या संग्राहकांस फसविलें. आपलीं नवीं नाणीं तो लोखंडाच्या किसाबरोबर डबींत घालून, ती डबी गाडीस बांधून दूरदूर हिंडवी, म्हणजे त्यांस वापरलेल्याचा झिजट रंग येई. झीज हीहि बनवितां येते, एवढा धडा त्यावरून घ्यावा.

चौथी परीक्षा लेखाची, आणि आमच्या वाचकांस तीच अधिक सोपी जावी. परंतु येथेंच खऱ्यास खोटें म्हणण्याचा दोष विशेष घडतो, म्हणून तिचा विचार त्या अंगानें करूं. भोसल्यांच्या रुपयावर भोसल्यांचें नांव नाहीं, दिल्लीच्या पातशहाचें आहे, तेव्हां तो भोसल्यांचा नव्हे, असें म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ आम्हांस भेटले आहेत. अठराव्या शतकांतील चालच अशी होती कीं, टांकसाळ कोणाचीहि असो, रुपयावर फारसी अक्षरांत पातशहाचें नांव असावयाचें. पुण्याचा अंकुशी रुपयाहि शहाआलमच्या नांवाचा असून त्यावर पुण्याचें मोंगली नांव ‘मुहीआबाद’ असें येतें. १७५१ पासून १८०३ च्या देवगांवच्या तहापर्यंत कटक भोसल्यांकडे होतें. तेथील मराठी रुपयाहि पातशाही नांवाचाच. पातशहा मेल्यावरहि कित्येक टांकसाळींनीं जुनेंच नांव व जुनेंच जुलूस वर्ष वर्षानुवर्षें चालू ठेविलें, कारण लोकांस तोच छाप ओळखीचा होता. म्हणून लेखांतील सन आणि नाणें पडल्याचा सन यांत अंतर पडलें तर तें बनावटीचें चिन्ह नव्हे. उलट, चांदीच्या रुपयावर भोसले राजाचें पूर्ण नांव सुवाच्य नागरींत, सन व गांव यांसह, कोणी आणून दाखविलें तर अधिक सावध व्हावें. आजच्या गिऱ्हाइकास जें वाचावेंसें वाटतें नेमकें तेंच ज्या नाण्यावर लिहिलेलें आहे, त्याचा संशय घ्यावा.

शिवराईचेंहि असेंच आहे. ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’ असे तिच्यावरील लेखाचे पाठभेद कितीतरी आहेत. रेव्हरंड ॲबट यांनीं हजारों शिवराया तपासून ते दाखवून दिले. हें तांब्याचें नाणें महाराजांच्या पश्चात् पेशवाईंत अनेक ठिकाणीं पडत राहिलें, व खोदणाऱ्याच्या हाताप्रमाणें अक्षरें बदलत गेलीं. तेव्हां अशुद्ध लेखन हें खोटेपणाचें लक्षण नाहीं. तसेंच प्रत्येक शिवराई रायगडची असाहि अर्थ नाहीं. दुदांडी शिवराई महाराजांच्या हातची म्हणून विकणारा नाणें खरें देतो, पण काळ खोटा सांगतो. धातूविषयींहि हाच विवेक ठेवावा. पेशव्यांच्या अमलांत कर्नाटकांतील जमीनदारांच्या टांकसाळी हिणकस नाणीं पाडूं लागल्या, म्हणून त्या बंद करून धारवाडास एक मुख्य टांकसाळ घालावी लागली, असें न्यायमूर्ति रानडे यांनीं मराठ्यांच्या चलनावरील आपल्या निबंधांत दाखविलें आहे. परवान्याच्या टांकसाळींतून निघालेलें हिणकस नाणें हिणकस असतें, बनावट नसतें. त्या काळचा सराफ त्यास बट्टा लावून घेत असे. आपणहि त्यास बट्टा लावावा, पण बाहेर टाकूं नये.

खऱ्या पण विचित्र नाण्यांचें सर्वांत मोठें उदाहरण नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें १९०६ सालीं सांपडलेल्या ठेव्याचें आहे. त्यांत क्षत्रप नहपानाचीं सुमारें १३,२५० चांदीचीं नाणीं होतीं, आणि त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. राजाच्या मुखावर दुसऱ्या राजाचें चिन्ह, एका लेखावर दुसरा लेख, असें एखादें सुटें नाणें जर कोणा संग्राहकाकडे आलें असतें, तर ‘ठसा बिघडलेली नक्कल’ म्हणून त्यानें तें परत केलें असतें. ठेवा एकत्र सांपडला म्हणून नहपानाच्या पराभवाचा धातूवर लिहिलेला पुरावा हातीं आला.

यावरून पांचव्या व सर्वांत श्रेष्ठ परीक्षेकडे येतों. ती नाण्याची नव्हे, त्याच्या प्राप्तीची. १९३९ सालीं अकोला जिल्ह्यांत, आजच्या वाशीम जिल्ह्यांत मोडणाऱ्या तऱ्हाळे येथें, सातवाहनांच्या सुमारें १,६०० नाण्यांचा ठेवा निघाला. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं तो वाचून प्रसिद्ध केला. त्यांत कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशीं नांवें आलीं, जीं पुराणांतील वंशावळींत मिळत नाहींत. विचार करा कीं ‘कुंभ सातकर्णी’ असें लिहिलेलें एकच नाणें एखाद्या फेरीवाल्यानें महालांत आणून विकलें असतें, तर त्यावर कोणी विश्वास ठेवला असता काय? ठेवूंहि नये. तेंच नाणें ज्ञात स्थळीं, ज्ञात वर्षीं, ज्ञात सोबत्यांसह सांपडलें म्हणून विदर्भाच्या इतिहासांत एक राजा वाढला. धातु तीच, अक्षरें तींच. स्थळाच्या नोंदीनें मात्र कुतूहलाच्या वस्तूचें प्रमाण झालें. आणि ही नोंद नाणें विकत घेणारा संग्राहकच पुष्कळदां पुसून टाकतो, कारण ठिकाण विचारल्यास विकणारा बिथरेल अशी त्यास भीति वाटते. ठेवा सांपडल्यास तो कलेक्टरास कळविण्याचें बंधन १८७८ च्या कायद्यानें घातलें आहे. तें चुकविण्यासाठीं ठेवे वांटले जातात, सोनाराच्या मुशींत जातात, आणि उरलेलीं सुटीं नाणीं बेवारस होऊन खोट्यांच्या मेळ्यांत मिसळतात. खोट्यांचा व्यापार चालतो तो खऱ्यांच्या बेवारसपणावर.

तेव्हां संग्राहकांनीं पुढील नेम पाळावे अशी आमची विनंति आहे. नाणें घेण्यापूर्वीं त्याचें वजन, व्यास व दोन्ही अंगांचें आणि कडेचें छायाचित्र घ्यावें, व प्रसिद्ध झालेल्या नमुन्यांशीं ताडावें. कोणापासून, कोणत्या दिवशीं, कोणत्या किंमतीस व कोणती हकीकत ऐकून घेतलें, हें वहींत त्याच दिवशीं लिहावें. हकीकत खोटी वाटली तरी लिहावी, कारण तीच हकीकत दुसऱ्या नाण्याबरोबर पुन्हां येते तेव्हां लबाडी उघडी पडते. नाण्याबरोबर जुना मोडी कागद मिळाला तर त्याची परीक्षा स्वतंत्र करावी. कागद खरा म्हणून नाणें खरें होत नाहीं, आणि नाणें खरें म्हणून कागद खरा होत नाहीं. घाईचा सौदा करूं नये. आज संध्याकाळपर्यंतच मिळेल असें जें नाणें, तें उद्यांहि मिळत असतें. खोटें ठरलेलें नाणें परत बाजारांत सोडूं नये, तर खूण करून नमुना म्हणून ठेवावें, कारण खोट्यांचा संग्रह नसेल तर खऱ्यांची परीक्षा शिकावी कशी? आणि ज्या सुट्या नाण्याचें प्राप्तिस्थान ठाऊक नाहीं, त्याच्यावरून नवा राजा किंवा नवी टांकसाळ प्रसिद्ध करूं नये. ‘अधिक पुराव्याची वाट पाहावी’ असें लिहून त्याचें छायाचित्र मात्र अवश्य छापावें.

जेम्स प्रिन्सेप यांनीं १८३७ सालीं अशोकाची ब्राह्मी वाचली, हें सर्वांस ठाऊक आहे. पण ते कलकत्त्याच्या टांकसाळींत धातूचा कस पाहणारे अधिकारी होते, हें थोड्यांस आठवतें. तराजू आणि लिपि हीं दोन साधनें त्यांच्या एका हातांत होतीं. आमच्यांत मात्र सराफ तराजू जाणतो व लिपि जाणत नाहीं, पंडित लिपि जाणतो व तराजू हातीं धरीत नाहीं; या दोहोंमधल्या फटींतून खोटें नाणें सुखानें आंत येतें. इतवारीच्या सराफ्यांतील एखादा जुना पारखी आणि महालांतील एखादा मोडीवाचक महिन्यांतून एकदां जरी एका भिंगाभोंवतीं बसले, तरी घरोघरच्या पेट्यांचा पुष्कळसा निवाडा होईल. अशा रीतीनें तपासलेल्या नाण्यांचीं छायाचित्रें, वजनें व प्राप्तीच्या हकीकती ज्या वाचकांजवळ असतील त्यांनीं त्या या त्रैमासिकाकडे पाठवाव्या. खरीं व खोटीं दोन्ही पाठवावीं. दोहोंचा उपयोग सारखाच आहे.